सात गाठींचा खांब

मढव्यांच्या घरात कुठलीही गोष्ट विचारून होत नाही. विचारलं की भांडण होतं. त्यापेक्षा आधी करून मोकळं व्हावं आणि मग सावकाश भांडावं, ही त्यांची पिढीजात रीत. मितेशने मागची लाकडं विकायला काढली तेव्हा थोरल्या चुलतीला, पुतळाला, विचारलं नव्हतं. पुतळाने मिस्त्री बोलावला तेव्हा मितेशला विचारलं नाही. फिट्टंफाट झाली.

शनिवारी सकाळी मितेश दात घासत तिसऱ्या मजल्याच्या मागच्या गॅलरीत आला आणि ब्रश तोंडातच राहिला. खाली विहिरीच्या बाजूला, जिथे जुन्या घराची लाकडं दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून होती, तिथे तीन खांब उभे होते. ताडपत्रीची घडी कठड्यावर. चौथा खांब दोन ठोकळ्यांवर आडवा, आणि त्याच्याशेजारी उकिडवी बसून त्याची थोरली चुलती सुताराच्या कपात चहा ओतत होती.

"मोठी आय! काय हाय हे?"

"चा."

"चा नाय, ते खांब!"

"दिसतान ना तुना? मंग इचारतंस कला?"

तीन मजले उतरेपर्यंत मितेशने स्वतःला बजावलं, आवाज चढवायचा नाही. ह्याच बाईने आपल्याला काखेत घालून खाडीवर नेलं, निवट्या पकडायला शिकवलं, आई बँकेत खेपा घालत होती तेव्हा भरवलं. शेवटच्या पायरीवर हे सगळं तो विसरला.

"अकरा वाजता टेम्पो येतोय. पार्टीला शब्द दिलाय मी. त्यांना जुना सागच पायजे, हॉटेलची टेबलं बनवनार हायेत."

"मंग त्यांना बोल जंगलात जा. साग तिथं उगवतो."

"आनि इथं पार्किंग काढायचंय. भाडेकरूंच्या गाड्या रोडवर असतात, रोज एक उचलून नेतात. टेन्शन कोनाला? मला."

"बिल्डिंग बांधली तवा तुजा बापूस बोलला व्हता. पुढं आमी बांधतो, मागची जागा आनि लाकडं वयनीची. चार मान्सांत बोलला, मंग मी अंगठा दिला."

"कागदावर कुठंय?"

"माजा अंगठा कागदावर हाय. त्याची जबान त्याच्या तोंडात हाय. वर जा, इचार त्याला."

मितेशने खांबांकडे पाहिलं. प्रत्येक लाकडाला जाळ्याच्या सुताचा एकेक तुकडा बांधलेला होता आणि त्यावर गाठी होत्या. एकावर तीन, एकावर पाच. घर उतरवत होते त्या दिवशी पुतळा सुताचं रीळ घेऊन फिरत होती, तेव्हा सगळे हसले होते. म्हातारीला लाकडांना राख्या बांधायच्यात, असं मितेशच म्हणाला होता. तिला लिहिता येत नव्हतं, पण कुठल्या लाकडाच्या टोकाचं कुसू कुठल्या भोकात बसत होतं ते तिने गाठींत मोजून ठेवलं होतं. दोन वर्षांनी शिरवण्याचा नंदकुमार मिस्त्री आला, त्याने पाच गाठींचं पाच गाठींत घातलं, आणि लाकूड गपकन बसलं.

"मधली बेडरूम दिलीय ना तुला? एसीसकट?"

"तिचा दरवाजा तुज्या हॉलमदी उघडतो," पुतळा म्हणाली. "मना माजा दरवाजा पायजे. मिस्त्री, तुमी चा घ्या, थंडा झाला."

*

वर स्वयंपाकघरात गोजरा नवऱ्याकडे बघत होती, आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

हिरामण हा तसा निवांत माणूस. गावातली शेती सरकारने घेतली तेव्हा तो झोपून उठला होता, आणि बिल्डिंगचा स्लॅब टाकला तेव्हाही झोपून उठला होता. भाड्याच्या खोल्या, मंदिराची कमिटी आणि दुपारी भाकरीसोबत सुकटीची चटणी, एवढ्यावर त्याचा संसार चालायचा. आज त्याने चहा दोनदा गरम करायला लावला आणि दोन्ही वेळा तसाच ठेवला.

"एवडं काय हाय त्या लाकडांत?" गोजराने विचारलं. "आक्काला बांधायची खोली, तर बांधूंदे. मी पोराला समजावते."

"गेली पायजेत लाकडं."

"पार्किंगसाठी?"

"पार्किंग गेली खड्ड्यात." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "सगली नाय तर नाय. तिला बाकीची ठेवूंदे. पन ओटीवरचा खांब टेम्पोत टाका. सात गाठींचा."

"तोच का?"

हिरामण उठून गॅलरीत गेला. पस्तीस वर्षांच्या संसारात गोजराने एवढं शिकून घेतलं होतं की नवऱ्याने उत्तर दिलं नाही तर उत्तर आहे, आणि ते चांगलं नाही.

ओटीवरचा खांब. जुन्या घराला ओटी नव्हती. थोरल्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी घाईघाईने ती पुढे काढली, आणि त्या नव्या खांबाला मांडव बांधला. म्हणजे खांब आणि पुतळा एकाच वैशाखात घरात आले. पुढच्या वैशाखाच्या आत थोरला होडीसकट खाडीत गेला. सासू बयाबाई त्या दिवसापासून मरेपर्यंत एकच बोलत राहिली: अवदसेच्या पावलांनी आली, माझा खांब खाल्ला. गोजरा सून म्हणून आली तेव्हा तिला पहिल्याच आठवड्यात हे ऐकवलं गेलं, आणि खरं सांगायचं तर तिने ते मानलंही. मानणं सोयीचं होतं. मितेशच्या हळदीला धवलारीण गाणी म्हणत होती, बायका एकेक करून त्याच्या गालाला हळद लावत होत्या, आणि ज्या बाईने त्याला वाढवलं ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. गोजराने तिला पाहिलं होतं. पाहून तिने मान वळवली होती. आजही त्या आठवणीने तिला स्वतःची लाज वाटे, आणि लाज वाटली की ती डबे पुसायला घेई.

आज डबे पुसून झाले. मग तिने ताट काढलं, हळदकुंकू, तांदूळ, नारळ ठेवला, आणि कुणाला न सांगता खाली निघाली. गावात खांब उभा करताना सवाशिणीने त्याला हळद लावायची असते. एवढं तर करता येईल, असं तिला वाटलं.

*

जागृतीची स्कूटर करंजाडेहून पोचली तेव्हा दहा वाजून गेले होते. हेल्मेट काढता काढता तिने भावाचं तोंड पाहिलं आणि काय चाललंय ते तिला कळलं.

"तूच शिकवलंस ना तिला?" मितेश म्हणाला.

"मी फक्त मिस्त्रीचा नंबर दिला. शिकवायला ती काय पहिलीत आहे?"

"तू सासरी आहेस. सल्ले तिथून द्यायचे नाहीत."

"बरं. मग आता हात देते." तिने ओढणी कमरेला खोचली. "मिस्त्री, काय राहिलंय?"

नंदकुमार मिस्त्री मूळचा देवगडचा, सत्तरीला टेकलेला, बोलायला गोड आणि कामात खडूस. त्याने बोटांवर मोजून सांगितलं: हा चौथा, सात गाठींचा खांब उभा करायचा, वर दोन तुळया, त्यांवर छपराचा कणा, आडं. आड्याला नारळ बांधला की झालं. वासे-कौलं काय, आठवडाभर सावकाश.

जागृतीला ते पुरतं समजलं, आणि मितेशलाही. करावे गावात आड्याला नारळ बांधला की त्याला घर म्हणतात. मग ते हलवायचं तर घरातल्या थोरल्यानेच हात जोडून आडं उतरवावं लागतं. बाकी कुणी हात लावत नाही, लावला तर गाव तोंडात शेण घालतं. आणि मढव्यांत आता थोरली होती पुतळा. म्हणजे शर्यत टेम्पोची आणि नारळाची होती.

"वेळेत होईल?" तिने विचारलं.

"होईल की. एवढा रंग खरवडतो बुडाशी, म्हणजे तळखड्याच्या दगडावर नीट बसेल. ऑइलपेंटचे थर किती हो! दर गणपतीला एक दिलेला दिसतोय."

तो पटाशीने रंग काढू लागला. निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली हिरवा. मग लाकूड दिसलं, तपकिरी, तेलकट, अजून वास असलेलं. पुतळाने त्यावरून हात फिरवला. मिस्त्रीने आणखी वीतभर खरवडलं आणि तो थांबला. चष्मा पुसून वाकला. खांबाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिथेही वीतभर खरवडलं. परत आला.

"काय झालं?" जागृती म्हणाली.

"ताई, इकडे या. हा डोळा बघा." लाकडात बशीएवढी गोल गाठ होती. "इथून फांदी फुटलेली. झाडाची फांदी कुठे जाते? वर. रेषा बघा हिच्या. ही खाली चाललीय."

"म्हणजे?"

"म्हणजे खांब उलटा उभा होता. बूड वर, शेंडा खाली. सुताराने कुसू भलत्या टोकाला काढलं. घाई झाली असेल, आणि मग पुन्हा काढायला लाकूड पुरलं नसेल." मिस्त्री पटाशी खाली ठेवत म्हणाला, "आमच्यात असं कोणी करत नाही, ताई. झाड जसं वाढलं तसंच ते घरात उभं करायचं. नाहीतर म्हणतात, घरातला कर्ता पुरुष जातो."

विहिरीवर पाणी भरणाऱ्या दोघी भाडेकरणींनी हंडे खाली ठेवले. ताट घेऊन आलेली गोजरा जिन्याच्या दारात होती तिथेच उभी राहिली.

सगळ्यांत आधी तोंड उघडलं मितेशने. "बघ! अपशकुनी लाकूड. याचं घर बांधनार तू? बरं झालं, टेम्पोत जाऊंदे."

"मितेश, गप," जागृती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त. "आयुष्यभर आजी हिला बोलली. अवदसा, पांढऱ्या पायाची. तू पण ऐकलंस, मी पण. आणि हा इथे रंगाच्या खाली होता!"

बिल्डिंगच्या कोपऱ्यावर हॉर्न वाजला. टेम्पो आला होता, दहा मिनिटं आधीच. त्याच्यामागून हिरामण बोळात शिरला. तो रस्त्यावर जाऊन ड्रायव्हरला वाट दाखवत होता, इथलं काही त्याच्या कानावर गेलं नव्हतं. पण आडवा खांब, खरवडलेला रंग आणि सगळ्यांचे चेहरे त्याने पाहिले आणि चालता चालताच बोलू लागला.

"सरल करा तो. मिस्त्री, दुसऱ्या टोकाला कुसू काढा. दोन दिस लागूंदे, चार लागूंदे. मितेश, टेम्पो परत पाठव."

"पप्पा! मी शब्द दिलाय!"

"पाठव बोललो ना! वयनी, खोली बांध तू. मी कौलं आनतो. पन खांब सरल करून बांध. गावाला समजूंदे, तुजा दोष नवता."

मितेश तोंड वासून बापाकडे बघत राहिला. गोजराने डोळे पुसले. जागृतीला वाटलं, झालं, जिंकलो. एवढ्या लवकर आणि एवढं सगळं मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

फक्त पुतळा हलली नव्हती.

*

पुतळा दिराकडे बघत होती. तिला राग यायला हवा होता, पण आधी आली ती कीव. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ती ह्या घरात आली तेव्हा हा बारा वर्षांचा होता, नाक शिंकरायलाही विसरणारा. तिच्याच ताटात जेवायचा.

"हिरामन," ती म्हणाली. "तू आता आलास. खांब उलटा हाय, कोनी सांगला तुना?"

हिरामणने सगळ्यांकडे पाहिलं. कुणीच सांगितलं नव्हतं.

"तुना म्हायत व्हता."

"वयनी, मी पोर व्हतो."

"काय म्हायत व्हता, ते बोल. गोजरा आयकूंदे, पोरा आयकूंदेत."

हिरामण विहिरीच्या कठड्यावर बसला. बोलला तो खाली बघत. "सुतारानं बाबाला सांगला व्हता. खांब उलटा झालाय, दुसरा लाकूड आना. बाबा बोलला, मांडव उद्या हाय, उबा कर आनि रंग दे. मी रंगाचा डबा धरून उबा व्हतो. बाबानं माजा कान पिलला, बोलला, आयशीला सांगशील तर खाडीत टाकीन. मंग दादा गेला. आय तुना बोलाय लागली. मना वाटला, आता सांगला तर आय बाबाला मारूनच टाकंल."

"बाबा कवा गेला?"

"अठ्ठ्यानवला."

"आनि आय?"

"सहा वर्सां झाली."

"बारा वर्साचा व्हतास, तवा घाबरलास. बरा. मंग वीस झाला, चालीस झाला, छप्पन झाला. मितेशच्या हलदीला मी दाराआड उबी व्हती, तवा तू पन्नासचा व्हतास." तिचा आवाज चढला नाही. ओरडली असती तर हिरामणला बरं वाटलं असतं. "आनि आज खांब टेम्पोत घालून हॉटेलात पाठवीत व्हतास. त्याच्यावर लोकानी जेवायचा."

हिरामण रडू लागला. भाडेकरणींनी हंडे उचलले आणि उचलून तिथेच उभ्या राहिल्या.

"चुकला माजा," तो म्हणाला. "म्हनून बोलतो, सरल करून घे. होम घालू. सगल्या गावाला जेवन घालू. सांगू, खांबानं घात केला, वयनीनं नाय."

पुतळाने पदर खोचला. आयुष्यभर तिने ह्या वाक्याची वाट पाहिली होती, तुझा दोष नव्हता. रात्री उशीत तोंड घालून तिने ते स्वतःच स्वतःला म्हटलं होतं. आता समोरून आलं, तर तिला ते नकोसं झालं.

"नाय," ती म्हणाली. "खांबानं काय केला? त्या दिसी वारा फिरला व्हता. होडीची फली कुजलेली. मी बोलली, नका जाऊ. ते कोनाचा आयकनारे मानूस नवते. गेले. माज्या पायानं नाय गेले, आनि लाकडानं पन नाय. तुमाला कोनीतरी लागतोच काय रं, ज्याच्यावर घालायचा? आयनं माज्यावर घातला. आता मी सुटली तर ह्याच्यावर? ह्यानं बेचालीस वर्सा ओटी धरली. पावसात, पानी चढला तवा, तुमच्या सगल्यांच्या लग्नात. डोक्यावर उबा राहून धरली. एक दिस हलला नाय." ती मिस्त्रीकडे वळली. "हाय तसाच उबा करा."

"ताई, मला उलटा माहीत नव्हता तोवर ठीक होतं. आता माहीत असून..." मिस्त्री चाचरला. "सुताराला दोष लागतो."

"घरातला कर्ता जातो बोललात ना? या घराची कर्ती मी हाय. मी जाईन तवा जाईन. तुमाला काय नाय व्हनार."

मिस्त्रीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग हसून पटाशी पिशवीत टाकली आणि दोर उचलला.

"मोठी आय, कॉर्पोरेशनची नोटीस आली तर माज्याकडे यायचं नाय," मितेश म्हणाला. आता त्याच्यापाशी एवढंच उरलं होतं.

"येऊंदे नोटीस. मना वाचता येत नाय."

जागृतीला हसू फुटलं, रडता रडताच. मितेशने हात झटकले आणि टेम्पोवाल्याशी हुज्जत घालायला बोळात गेला. ती हुज्जत सगळ्यांना ऐकू येत होती, आणि त्यात तो ड्रायव्हरला सांगत होता की घरातली मोठी माणसं बोलली, विषय संपला.

गोजरा ताट घेऊन पुढे आली. सवाशीण ती होती, हळद तिने लावायची होती. तिने ताट पुतळापुढे धरलं.

"आक्का, तू लाव."

"मी?"

"तूच. मी त्या दिसी बघितला व्हता तुना, दाराआड."

पुतळाने हळदीत पाच बोटं बुडवली आणि लाकडाच्या त्या डोळ्यावर, खाली चाललेल्या रेषांवर, दाबून उमटवली. हात पुसला नाही.

खांब जड होता. मिस्त्रीची दोन माणसं, जागृती आणि गोजरा दोरावर लागली. तुळई चढवायला मिस्त्री शिडीवर गेला. खांब उभा राहिला, तळखड्यावर डुगडुगला.

"खाली एक जण पाहिजे," मिस्त्री ओरडला. "तुळई बसेपर्यंत घट्ट धरून ठेवायचा. हलला तर कुसू मोडेल!"

"हिरामन," पुतळा म्हणाली. "ऊठ. धर."

हिरामण कठड्यावरून उठला. त्याने खांबाला दोन्ही हातांनी कव घातली, गाल लाकडाला लागला. वरून मोगरीचे घाव बसू लागले आणि प्रत्येक घाव त्याच्या छातीत उतरत होता. त्याच्या शर्टाला हळद लागली. पुतळा शेजारी उभी राहून वर बघत होती. सात गाठींचं कुसू सात गाठींच्या भोकात शिरलं, अडलं, पुन्हा शिरलं. मिस्त्रीने खुंटी ठोकली.

"बसली!"

हिरामणने डोळे मिटले होते. हात तसेच होते.

"सोड आता," पुतळा म्हणाली.

"पडंल, वयनी."

"सोड."

त्याने एक हात काढला. मग दुसरा. मग दोन पावलं मागे सरला. खांब उभा होता. दुसरी तुळई आणि वर आडं चढलं, तेव्हा पुतळाने ताटातला नारळ उचलला, आणि शिडीला पाय लावला.